प्रयोग असेल तर पैसे कसले?

गुडघ्याच्या झिजेवर स्टेम सेलचं इंजेक्शन देणाऱ्यांचा युक्तिवाद कानाला अगदी बिनतोड लागतो. गुडघा दुखतो, कारण आतली गादी, म्हणजे कूर्चा, झिजली. कूर्चा पेशींची बनलेली असते. स्टेम सेल म्हणजे हवी ती पेशी होऊ शकणारी मूळपेशी. ती तुमच्याच कमरेच्या हाडातून किंवा पोटावरच्या चरबीतून काढायची आणि गुडघ्यात सोडायची. ती झिजलेल्या जागी जाऊन बसते आणि नवी कूर्चा तयार करते. टाके नाहीत, धातूचा सांधा नाही, संध्याकाळी घरी. ‘शस्त्रक्रियेविना’ या एका शब्दाखाली हे सगळं वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतं. खर्च मात्र लाखाच्या घरात.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा उपचार असेल तर पुरावा दाखवा. अजून प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे घेऊ नका. आज अनेक दवाखान्यांत जे चाललंय ते या दोन्हींच्या मधल्या फटीत चाललंय. पुरावा मागितला की ‘हे शास्त्र अजून नवं आहे’ असं उत्तर मिळतं. बिल करताना मात्र तेच शास्त्र पक्कं झालेलं असतं.

आधी कूर्चेचं बघू. कूर्चेत पेशींचा वाटा आकारमानाने जेमतेम काही टक्के असतो. बाकी सगळं कोलॅजनचं जाळं आणि त्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. हे जाळं वाढीच्या वयात विणलं जातं आणि पुढे जवळपास तेच आयुष्यभर पुरवावं लागतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती जखमेसारखी भरून येत नाही. तिला चेतातंतूही नाहीत, म्हणजे दुखणंही थेट तिच्यातून येत नाही. ते येतं खालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून, आजूबाजूच्या ऊतींतून. एक्स-रेवर गुडघा पार खराब दिसणारी बाई आरामात जिना चढते आणि बरा दिसणारा गुडघा माणसाला रात्रभर झोपू देत नाही, हे कुठलाही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. ‘गादी भरली की दुखणं गेलं’ हे समीकरणच लंगडं आहे.

बरं, सुईतून जातं काय? कमरेच्या हाडातून काढलेला मगज यंत्रात फिरवून दाट केला जातो आणि ‘स्टेम सेल’ म्हणून टोचला जातो. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतल्या दर दहा हजार ते एक लाख पेशींमागे साधारण एक पेशी या जातीची असते. दाट करून हे प्रमाण वाढतं, तरी सुईतला बहुतांश ऐवज रक्तातल्या इतर पेशींचाच राहतो. आणि ही दुर्मीळ पेशी गुडघ्यात गेल्यावर कूर्चा होते का? ‘मेझेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ साली रूढ करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञाचं, आर्नल्ड कॅप्लन यांचं, मत इथे ऐकण्यासारखं आहे. २०१७ साली त्यांनीच लेख लिहून हे नाव बदला असं सुचवलं. शरीरात सोडलेल्या या पेशी नवी ऊती बांधत नाहीत, त्या रासायनिक संदेश सोडतात आणि आसपासच्या पेशी त्यावर काम करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. संदेशांनी सूज उतरू शकते, दुखणं कमी होऊ शकतं. ही शक्यता मी नाकारत नाही. पण मग जाहिरातीतली नवी कूर्चा आली कुठून?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे रुग्णांचे अनुभव. काकू काठी टेकत आल्या होत्या, आता अष्टविनायक करून आल्या. हे अनुभव खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माणसं खरंच बरी वाटून घरी जातात. प्रश्न आहे तो कशामुळे.

त्याचं फार सुंदर उत्तर फ्लोरिडातल्या मेयो क्लिनिकमध्ये शोधलं गेलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन्ही गुडघे झिजलेले २५ रुग्ण घेतले होते. प्रत्येकाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली. एका गुडघ्यात दाट केलेली अस्थिमज्जा टोचली, दुसऱ्यात सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या गुडघ्यात काय गेलं हे रुग्णाला माहीत नव्हतं. मापनं झाली तेव्हा अस्थिमज्जा मिळालेला गुडघा लक्षणीय बरा होता. मिठाचं पाणी मिळालेलाही तितकाच बरा होता. एकच माणूस, एकच वजन, एकच वय, एकच आशा. दोन गुडघ्यांत फरक शून्य.

कल्पना करा, याच २५ जणांना एखाद्या दवाखान्यात फक्त अस्थिमज्जा टोचली असती. पंचवीसच्या पंचवीस व्हिडिओ करता आले असते, आणि त्यातला एकही खोटा नसता. दुसऱ्या गुडघ्यातलं मिठाचं पाणी नसल्यामुळे आपल्याला कधी कळलंही नसतं. दवाखाना आणि चाचणी यांत फरक पडतो तो एवढाच, आणि तोच निर्णायक आहे. गुडघेदुखीला मूळचेच चढ-उतार असतात. माणूस डॉक्टरकडे जातो तो ती सर्वांत जास्त असताना, त्यामुळे पुढचे काही महिने बहुधा उताराचेच असतात. त्यात भर पडते मोठ्या खर्चाची, सोनोग्राफीखाली जाणाऱ्या लांब सुईची, आदराने बोलणाऱ्या डॉक्टरांची आणि ‘आता जरा जपून, थोडा व्यायाम करा, वजन कमी करा’ या सूचनेची. तो व्यायाम पुष्कळ काम करून जातो आणि श्रेय सुई घेते.

पक्षकारांचा बचाव असा: एका गुडघ्यातल्या पेशींचे संदेश रक्तातून दुसऱ्या गुडघ्यातही पोचले असतील. असतील बापडे. पण मग ते सिद्ध करा. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनची चाचणी झाली आणि २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिथे पीआरपीचा गट वेगळा आणि मिठाच्या पाण्याचा गट वेगळा होता, म्हणजे संदेश इकडून तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच उतरलं, कूर्चेच्या आकारमानातही फरक नाही. पीआरपी म्हणजे स्टेम सेल नव्हे, हे मान्य. पण नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुईने गुडघा किती ‘बरा’ होतो याचा अंदाज त्यातून येतो, आणि स्टेम सेलला आधी हीच पायरी ओलांडायची आहे.

आता मोठ्या चाचणीकडे. अमेरिकेत एमरी विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आलेली ही चाचणी ४७५ रुग्णांची होती. चार गट: स्वतःची अस्थिमज्जा, स्वतःच्या चरबीतल्या पेशी, दात्याच्या नाळेतल्या पेशी आणि नेहमीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभराने दुखण्यात आणि हालचालीत पेशींच्या तिन्ही गटांपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. एमआरआयमध्येही फरक दिसला नाही.

हा निकाल आला तेव्हा विक्रेत्यांनी त्याचा अर्थ भलताच लावला: ‘पाहा, स्टेम सेल स्टेरॉइडइतकीच गुणकारी आहे.’ वाक्य ऐकायला निरुपद्रवी आहे, म्हणून जरा उकलून बघू. गुडघ्यातल्या स्टेरॉइडचा खरा असर काही आठवड्यांचा. सहा महिन्यांनी तो उरतो याचा पुरावा नाही, हे कॉक्रन या संस्थेच्या आढाव्यात दशकभरापूर्वीच आलं आहे. म्हणजे वर्षाच्या शेवटी स्टेरॉइडशी बरोबरी करणं याचा अर्थ, जिचा असर कधीच ओसरला आहे अशा सुईशी बरोबरी करणं. स्टेरॉइडच्या कुपीला काही शे रुपये पुरतात. तिच्याइतकाच गुण देण्याचे लाखभर रुपये कशासाठी?

याच बाजूने आणखी एक दावा होतो की स्टेरॉइड कूर्चा खातं आणि आमच्या पेशी ती वाचवतात. दाव्याच्या पहिल्या अर्ध्या भागात तथ्य आहे. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १४० जणांच्या चाचणीत दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड टोचलेल्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याच्या गटापेक्षा जास्त झिजली होती, आणि दुखण्यात फायदाही दिसला नव्हता. एका सुईने एवढं होत नाही, पण क्षणभर धरून चालू की स्टेरॉइड झिजवतं आणि पेशी भरतात. मग एमरीच्या चाचणीत, एमआरआयमध्ये, दोघांत फरक उठून दिसायला हवा होता. दिसला नाही. पक्षकारांच्या दोन दाव्यांपैकी एक तरी सोडावा लागेल.

‘हे सगळं इम्प्लांट कंपन्यांचं कारस्थान’ हा आरोपही अधूनमधून कानावर येतो. एमरीच्या चाचणीला पैसा दिला तो मार्कस फाउंडेशन या दानसंस्थेने; सांधे विकणाऱ्यांनी नव्हे. मेयोची चाचणी करणारी मंडळीही पुनरुज्जीवन-वैद्यकाचीच माणसं, यश मिळावं म्हणून कामाला लागलेली. आणि इम्प्लांटवाल्यांबद्दल मला फार प्रेम आहे असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत बांधली तेव्हा दीड लाखाच्या वर विकला जाणारा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. त्याआधी मधला पैसा कुणाकुणाच्या खिशात जात होता, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण निदान त्या सांध्याला सरकारी कमाल किंमत आहे. दवाखान्यात फिरवून टोचलेल्या मगजाचा भाव कुणी ठरवला?

आता दुसऱ्या बाजूची जी खरी ताकद आहे ती मांडतो, कारण ती लपवून वाद जिंकण्यात मला रस नाही. कॉक्रनने २०२५ साली गुडघ्यातल्या स्टेम सेल इंजेक्शनांचा आढावा काढला: २५ चाचण्या, १,३४१ रुग्ण. दहाच्या मापावर दुखणं खोट्या इंजेक्शनपेक्षा सरासरी १.२ अंकांनी जास्त उतरतं आणि हालचालही थोडी सुधारते, असं त्यात आहे. सोबत हेही आहे की या पुराव्याची खात्री कमी आहे, आणि गंभीर दुष्परिणामांबद्दल ठाम काही सांगता येत नाही. हे आशेला जागा देणारं आहे, पण आणखी चाचण्या करण्याच्या आशेला.

त्याहून जवळचं उदाहरण बंगळुरूचं. स्टेमप्यूटिक्स या कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून ‘स्टेमप्यूसेल’ हे उत्पादन केलं. १४६ जणांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत अडीच कोटी पेशींची एक मात्रा, मागोमाग हायलुरॉनिक ॲसिड, आणि तुलनेला पेशी नसलेली मात्रा व तेच ॲसिड, अशी रचना होती. वर्षभरात दुखण्यात आणि हालचालीत पेशींचा गट सरस ठरला. २०२२ साली औषध महानियंत्रकांनी गुडघ्यासाठी त्याला मंजुरी दिली. चाचणी उत्पादक कंपनीचीच आहे, दुसऱ्या कुणी ती स्वतंत्रपणे करून पाहायला हवी, वगैरे आक्षेप घेता येतील आणि ते घेतलेच पाहिजेत. पण रस्ता हाच आहे. कंपनीने उत्पादन ठरवलं, मात्रा ठरवली, तुलनेचा गट ठेवला, आकडे छापले, नियंत्रकांपुढे गेली. मी जे मागतोय ते अशक्य नाही याचा पुरावा म्हणून मी हेच उदाहरण देईन.

गंमत पुढे आहे. ‘भारतात स्टेम सेलला मान्यता मिळाली’ असं म्हणत ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही तेही त्या मंजुरीखाली उभे राहतात. दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात आपल्या घरचं बारसं उरकून घ्यावं तसं. मंजुरी मिळाली ती दात्याच्या, वाढवलेल्या, मोजलेल्या पेशींच्या एका विशिष्ट उत्पादनाला. तुमच्या कमरेतून काढून शेजारच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं फिरवलेल्या मगजाला ती लागू होत नाही. चरबीतून काढलेल्या मिश्रणाला तर नाहीच. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांतलं सर्वमान्य प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हावा.

आणि त्या बंगळुरूच्या चाचणीत रुग्ण कुठले होते? एक्स-रेवर दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीची झीज असलेले. चौथ्या श्रेणीचे, म्हणजे हाडाला हाड घासू लागलेले, पाय धनुकलीसारखे बाकलेले, त्यात नव्हते. आता जाहिराती कुणाला उद्देशून असतात ते वाचा. ‘गुडघा बदलायला सांगितलंय? थांबा!’ गुडघा बदलायला सांगितला जातो तो मुख्यतः या चौथ्या श्रेणीच्या माणसालाच. म्हणजे मंजूर उत्पादनाचा पुरावा एका गटाचा आणि विक्री दुसऱ्याच गटाला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतं ते हे. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या बहुतेकांवर शस्त्रक्रियेची वेळ तशीही लगेच येणार नसते. त्यांची ‘शस्त्रक्रिया टळली’ असं सांगणं म्हणजे न येणारं संकट टाळल्याचं श्रेय घेणं. आणि चौथ्या श्रेणीच्या माणसाचं एखादं वर्ष यात गेलं, तर त्या वर्षात मांड्यांचे स्नायू आणखी बारीक होतात, पाय आणखी वाकतो, मुदतठेव मोडलेली असते आणि शेवटी गुडघा बदलावा लागतोच. बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात असा अंदाज २०१९ साली ‘लॅन्सेट’मधल्या मोठ्या आढाव्यातून आला आहे. शस्त्रक्रियेत जोखीम आहे, सगळ्यांना ती समाधानही देत नाही. पण तिचे आकडे उघड्यावर आहेत.

‘स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला?’ स्वतःचं रक्तही निर्जंतुक नसलेल्या हातांनी सांध्यात सोडलं तर सांधा पिकतो. आणि सगळ्या पेशी स्वतःच्या नसतात. २०१८ साली अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून केलेल्या उत्पादनाची इंजेक्शनं घेतलेल्या १२ जणांना जिवाणूंचा संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. गुडघ्यातल्या या सुईने क्वचितच गंभीर काही होतं, हे मान्य. पण ‘धोका कमी’ हे ‘गुण आहे का?’ याचं उत्तर नव्हे. मिठाच्या पाण्याचाही धोका कमीच असतो.

हल्ली फ्लोरिडाचा दाखला नव्याने दिला जातो. तिथे जुलै २०२५ पासून अस्थिरोग आणि वेदनेच्या उपचारात संघराज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता नसलेली स्टेम सेलही डॉक्टरांना वापरता येते, हे खरं आहे. त्याच कायद्याने रुग्णाला ‘ह्याला मान्यता नाही’ हे लेखी कळवणंही बंधनकारक केलं आहे, हे मात्र सांगितलं जात नाही. विधिमंडळात हात वर झाले म्हणून गुडघ्यातली कूर्चा वाढत नाही.

राहता राहिला ‘शस्त्रक्रियेविना’ हा शब्द. जणू एका बाजूला करवत आणि दुसऱ्या बाजूला ही सुई, मधे काहीच नाही. मधे पुष्कळ आहे, फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाला फार मिळत नाही. २०२० साली अमेरिकेतल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत फिजिओथेरपीची तुलना स्टेरॉइडशी झाली. वर्षभराने २४० पैकी मोजल्या जाणाऱ्या त्रासाच्या मापावर फिजिओथेरपीवाले ३७ वर होते, स्टेरॉइडवाले जवळपास ५६ वर. ज्या स्टेरॉइडला एमरीमध्ये पेशींचे तिन्ही प्रकार मागे टाकू शकले नाहीत, त्याला खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या आणि मांडीच्या व्यायामांनी मागे टाकलं. दोन चाचण्यांचे आकडे असे थेट जोडता येत नाहीत, हे कबूल. पण दिशा दिसते. २०२४ साली स्थूल रुग्णांना सेमाग्लूटाइड हे वजन उतरवणारं औषध देऊन पाहिलं: ४०७ जण, वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी खाली, आणि शंभराच्या मापावर दुखणं ४१.७ अंकांनी; खोट्या औषधाच्या गटात २७.५. तेही औषध महागच आहे, पण निदान तुलनेचा गट समोर आहे. खोट्या औषधानेही साडेसत्तावीस अंक उतरले, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

घरात आईला पाट-बैठक सुटून वर्षं झालीत, सत्यनारायणाला ती खुर्चीवर बसते आणि मनात खट्टू होते, मुलगा पैसे द्यायला तयार आहे: अशा घरात ‘आणखी चाचण्या होऊ द्या’ हे सांगणं कोरडं वाटतं, हे मला कळतं. म्हणूनच तिथे काय विचारायचं ते सांगतो. २००९ पासून भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक मागावा. क्रमांक असेल तर ती चाचणी आहे, आणि मग बिलावरची रक्कम कशाची हे त्यांनी सांगावं. क्रमांक नसेल, तर टोचणार ते औषध महानियंत्रकांनी मंजूर केलेलं उत्पादन आहे का, आणि आईच्या झिजेची श्रेणी त्या मंजुरीत बसते का, हे लेटरहेडवर लिहून मागावं. तोंडी नको. लिहून द्यायला कुणी कां-कूं करू लागलं, तर आईला घेऊन उठावं आणि त्याच पैशांतल्या थोड्याशा पैशांत सहा महिन्यांची फिजिओथेरपी ठरवावी.